जीप फक्त कामाची

हत्यारांच्या पेटीच्या तळाला वॉशर साठतात. कधी टाकले ते आठवत नाही आणि फेकून द्यायला हात धजत नाही. इन्कम टॅक्सच्या वकिलाकडं बाकावर बसून ऐकलेले किस्से माझ्याकडे तसेच साठले. चार माणसं म्हणतात, लिहून काढा. माझी शाळा चौथीपर्यंत. पण वही लिहायची सवय आहे. ती कशी लागली तेही यात येईल.

सत्तरनंतरची ती वर्षं. मी सोलापुरात ऑइल इंजिनांचा फिटर. माढा, कुर्डुवाडी, जेऊर, जिथं विहिरीवरचं इंजिन बंद पडेल तिथं जायचं. लष्कराच्या लिलावातली जुनी जीप घेतली होती. मागच्या सीट काढून तिथं चेन, कप्पी, पाने आणि सुटे भाग ठेवले. मी इन्कम टॅक्स भरायचो. जीपचं पेट्रोल आणि घसारा, म्हणजे गाडी झिजल्याबद्दलची सूट, उत्पन्नातून वजा मिळायचा. पण गाडी कामाला वापरली असेल तेवढीच. घरच्या वापराची सूट नाही.

सगळं त्या एका अटीवरून झालं.

*

शिवाप्पा अक्कलकोटकडचा गवंडी. बांधकामाची छोटी कंत्राटं घ्यायचा. दगड, वाळू आणायला स्वतःची बैलगाडी. आमचे भागवत वकील कागद चाळत होते, तेव्हा तो बाकावरून म्हणाला, "मिस्त्रीच्या जीपला घसारा हाय, मग माज्या बैलाला का न्हाय? तो बी झिजतोय की!"

वकिलांनी पुस्तक काढून बघितलं. "जनावराला घसारा नाही, शिवाप्पा. ते मेलं किंवा कायमचं निकामी झालं, तरच त्याची किंमत वजा मिळते."

शिवाप्पानं जरा विचार केला.

"म्हंजे जित्ता हाय तवर कोण इचारत न्हाय. गवंड्यागतच की!"

*

इस्माईलभाई वेल्डर. त्याचा तीनचाकी टेम्पो. इन्कम टॅक्सच्या तेव्हाच्या साहेबांना तारखा बघायची भारी हौस. त्यांनी पेट्रोलची एक पावती वर धरली.

"हा ईदचा दिवस. तुमचं वर्कशॉप बंद. मग टेम्पो कुठं गेला होता?"

इस्माईलभाई खोटं बोलणारा माणूस नव्हता. "साब, उस दिन तो टेम्पो तुमारे घरकूच आया था. शीरखुर्मा लेके."

साहेबांनी पावती खाली ठेवली.

इस्माईलभाईनं शांतपणे विचारलं, "अब इसकू खासगी में लिखूँ, के धंदे में?"

*

मग बदली होऊन नवे साहेब आले. कडक माणूस. कुणाकडचा चहासुद्धा घेत नसत.

भागवत वकील मला म्हणाले, "मिस्त्री, जीपच्या खर्चाचा चौथा हिस्सा घरगुती वापर म्हणून सोडून द्या. सगळेच सोडतात. साहेब खूश, आपणही मोकळे."

मी म्हणालो, "घरी वापरत नाही."

"अहो, थोडीफार तरी वापरत असाल."

"नाही."

"लिहायला काय जातंय?"

"न वापरलेली वापरली म्हणून सही करू? तीही लबाडीच."

वकिलांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. ते वैतागले की टोपी काढत.

*

साहेब स्वतः जीप बघायला घरी आले. मागं वाकून बघितलं. ग्रीसचा डबा, साखळदंड. मग त्यांनी आमच्या मंडळींना विचारलं. त्या ओट्यावर ज्वारी निवडत होत्या.

"बाई, या जीपमधून कुठं कुठं फिरलात?"

मंडळींनी सुपातून मान वर केली नाही.

"साहेब, ह्या गाडीत बसायचं तर आदी बंद पडल्यालं इंजिन व्हावं लागतंय!"

साहेब खळखळून हसले. आणि जीपच्या खर्चाचा तिसरा हिस्सा कापला.

*

वकिलांना घेऊन मी साहेबांच्या कचेरीत गेलो. म्हणालो, "मला खोटं ठरवलंत."

साहेब म्हणाले, "पुरावा नाही, मिस्त्री. वर्षभर वही ठेवा. तारीख, गाव, काम, मैल. खरी निघाली तर पूर्ण सूट देईन. एक नोंद जरी खोटी निघाली, तर मागची वर्षंही उघडीन."

वकिलांनी टेबलाखालून माझा पाय दाबला. मी म्हणालो, "ठेवतो."

पैशाचं मोठं नव्हतं. बाकावरची सगळी माणसं बघत होती, मिस्त्रीचा शब्द टिकतो का पडतो ते.

*

वहीच्या दुसऱ्या महिन्यात मेहुणा दारात उभा. दत्तू. पांढरंशुभ्र धोतर, इस्त्रीचा सदरा. मुलाच्या सोयरिकीला कुर्डुवाडीला निघाला होता.

"दाजी, तुमी माढ्याला निघालाच हाय. तितवर सोडा. म्होरं एस. टी. हाय."

"जीप कामाची आहे. बसायचं तर काम करावं लागेल."

त्याला थट्टा वाटली. माढ्याच्या अलीकडं एका विहिरीवर इंजिन खाली उतरवायचं होतं. पाणी खोल गेलं की इंजिनही खाली न्यावं लागतं, नाहीतर ते पाणी ओढत नाही. एक माणूस कमी होता. दत्तूनं दोन तास साखळी धरली. वहीत मी लिहिलं, 'मदतनीस एक.'

तो कुर्डुवाडीला पोचला तेव्हा धोतराचा रंग सांगता येत नव्हता. मुलीचे वडील रेल्वेच्या कारखान्यात कामाला. त्यांनी पाहुण्याच्या हाताकडं बघितलं, धोतराकडं बघितलं.

"कामाचं घर दिसतंय," म्हणाले आणि मुलगी दिली.

दत्तू अजून सांगतो, "आमच्या पोराचं लगीन ग्रीसनं जमलं!"

*

वर्ष संपलं. वही घेऊन आम्ही साहेबांसमोर बसलो. साहेब एकेक पान उलटत होते. त्यांनी तीन गावांना पत्रं टाकून शहानिशाही करून घेतली होती. सगळं जुळत होतं.

एका पानावर त्यांचं बोट थांबलं. मोठ्यानं वाचलं, "घर ते सरकारी दवाखाना. खासगी. दीड मैल."

वकिलांनी टोपी काढली. "अहो मिस्त्री, हे कुणी लिहायला सांगितलं तुम्हाला?"

"जीप गेली होती. म्हणून लिहिलं."

साहेबांनी विचारलं, "काय झालं होतं?"

"मंडळींना ताप. शुद्ध राहीना. टांगा मिळाला नाही. जीप काढली."

"त्या पेटीशेजारी बसवून?"

"पुढं. माझ्या शेजारी."

"परतीचे मैल दिसत नाहीत."

"पुढची ओळ बघा. दवाखान्यातून जीप थेट माढ्याला गेली. इंजिन अर्ध्या विहिरीत लोंबत होतं, माणसं खोळंबली होती. मंडळींजवळ त्यांची बहीण बसली."

साहेबांनी वहीचं शेवटचं पान बघितलं. लाल पेन्सिलीनं दीड मैल कापला. बाकी सगळं मंजूर केलं, सही केली आणि वही माझ्याकडं सरकवली. मी ती घेऊन उठलो.

"मिस्त्री, एक विचारतो. कागदावर येणार नाही. त्या बऱ्या होऊन घरी आल्या ना?"

"आठ दिवसांनी."

"त्याची नोंद नाही. आणायला गेला नाहीत?"

"आदल्या दिवशी म्हणालो होतो, जीप आणतो. नको म्हणाली. टांग्यानं आली."

"का?"

"म्हणाली, 'जाताना बंद पडले होते म्हणून बसले. आता चालू हाय मी.'"