भाऊजींना कारागिराशीच बोलायचे होते

आपले म्हणणे मधल्या माणसाच्या हाती पाठवायचे नाही, एवढ्या एका तत्त्वावर सबंध आयुष्य काढलेला गृहस्थ मी एकच पाहिला. तो म्हणजे आमच्या बुलढाण्याच्या घरासमोर राहणारे भाऊजी. ते काही माझे सख्खे दीर नव्हेत. तुमच्या आजोबांचे मित्र, कचेरीत कारकून, लग्न न केलेले. ते मला वहिनी म्हणत, म्हणून मी त्यांना भाऊजी. सदरा शिवायचा असला तर ते मालकाला माप देत नसत. थेट मशीन चालवणाऱ्याच्या शेजारी जाऊन बसत आणि आपला उजवा खांदा डाव्यापेक्षा कसा उतरता आहे हे त्याला हात लावून पाहायला लावत. खाणावळीत भाजी खारट झाली तर ताट उचलून तडक चुलीपाशी जात. वाढपी आडवा आला की त्याला म्हणत, "ज्याच्या हातानं मीठ पडलं त्यालेच सांगीन ना बे! तुले सांगून काय फायदा?" दवाखान्यात कंपाउंडरने "काय होतंय?" असे विचारले की तोंड घट्ट मिटून छताकडे पाहत बसत. एकदा अंगात ताप असताना ते असेच बसले, तेव्हा त्या कंपाउंडरने कागदावर 'रुग्ण मुका आहे' असे लिहून त्यांना आत पाठवले. त्या मुक्याने मग डॉक्टरांना जेवायलासुद्धा उठू दिले नाही.

या भाऊजींचा जीव एका घड्याळात होता. इंग्रज गेले तेव्हा त्यांच्या कचेरीतल्या गोऱ्या साहेबाने जाता जाता त्यांना आपले खिशातले घड्याळ दिले होते. सोन्याचे, स्विस बनावटीचे, पुढे झाकण, मागे झाकण, आणि मागचे उघडले की आत इवलाली चाके चाललेली दिसत. रोज आंघोळीनंतर ते त्याला चावी देत, आणि तेवढा वेळ घरात कोणी शिंकायचेही नाही. रात्री ते घड्याळ रेशमी चिंध्यांच्या उशीवर उजव्या कुशीवर झोपे. डाव्या कुशीवर ते 'घाबरते' असे भाऊजींचे म्हणणे. एसटीने जाताना ते तळहातावर घेऊन हवेत अधांतरी धरत, म्हणजे रस्त्याचे धक्के भाऊजींना बसत, घड्याळाला नाही. आमच्या रेडिओची वेळ त्याच्याशी जुळली नाही तर "वहिनी, दिल्लीवाले आज चुकले," असे ते जरा कीव येऊन सांगत.

महाराष्ट्र राज्य तेव्हा नुकतेच झाले होते आणि घरोघरी घड्याळे नव्हती. त्यामुळे आमच्या भागातल्या लग्नांचा मुहूर्त भाऊजींच्या घड्याळावर लागे. भटजी मंगलाष्टके म्हणत, आणि अंतरपाटाच्या टोकाशी भाऊजी इस्त्रीचा कोट घालून, घड्याळ उघडून, काट्यावर डोळे रोखून उभे. त्यांनी उजवा हात वर केला की अंतरपाट निघे, बँड वाजे, अक्षता पडत. नवरदेवाचा बाप रुसला तर समजूत काढता येई, पण भाऊजींचा हात वर गेल्याशिवाय गावात कोणाचे लग्न लागत नसे. मग लोक भोवती जमत आणि भाऊजी तिथेच, भर मंडपात, मागचे झाकण उघडून सर्वांना चाके दाखवत. सख्खे असे त्यांना कोणी नव्हते. परक्यांच्या मांडवातली ती हातभर जागा एवढेच त्यांचे गणगोत, हे मला ठाऊक होते.

आणि नेमके हे घड्याळ दर लग्नसराईत बंद पडू लागले! खामगावातल्या एका बड्या दुकानात भाऊजी ते नेत. दुकानदाराला ते सारी लक्षणे सांगत: केव्हा मंद चालते, केव्हा अडखळते, कोणत्या कुशीवर बरे असते. तो मान हलवत ऐके आणि चिठ्ठीवर दोनच शब्द लिही, 'बंद पडते'. कारागीर मुंबईला असतो म्हणे. घड्याळ परत येई, वर्षभर चाले, आणि लग्नसराईत पुन्हा तेच. मला तर आजही त्या दुकानदाराचा संताप येतो. ज्याची वस्तू आहे त्याने सांगायचे, ज्याला काडीचे कळत नाही त्याने ऐकायचे, आणि ज्याला कळते त्याच्यापर्यंत काहीच पोहोचू द्यायचे नाही, ही कुठली रीत? वर ऐट अशी की जणू तोच घड्याळे घडवतो.

तुमच्या आईचे लग्न ठरले त्या वर्षी घड्याळ हळदीच्या आधीच थांबले. भाऊजींचा चेहरा उतरला. या पोरीला त्यांनी कडेवर खेळवले होते. तिचा मुहूर्त दुसऱ्या कोणाच्या घड्याळावर लागावा? मला कापड घ्यायला खामगावला जायचेच होते. घाटाच्या सगळ्या वळणांवर घड्याळ अधांतरी धरून भाऊजी माझ्याबरोबर आले.

दुकानात शिरताच त्यांनी सांगितले, "शेट, आज मले कारागिराशी बोलाचं हाय."

"तो मुंबईले राह्यते. तुम्ही मले सांगा, मी त्याले सांगतो."

"तेच तर करून राह्यलो इतके दिवस!"

"साहेब, खरं सांगू? मशीन म्हातारं झालं. आतलं सारं बदलून टाका. वरचं सोनं तसंच राह्यते."

"माणसाचं पोट दुखते तर आतला माणूसच बदलता काय तुम्ही?" भाऊजी इतक्या मोठ्याने ओरडले की रस्त्यावरची माणसे थांबली.

तेवढ्यात काउंटरमागच्या पडद्याआडून तितकाच चढा आवाज आला. "मशीनले काही नाही झालं! तांदूळ कुठून येते ते इचारा आधी त्याईले!"

आवाज बाईचा होता.

"अक्का, तू आत राय!" दुकानदार दबक्या आवाजात म्हणाला. पण पडदा सरकला होता. एका डोळ्याला भिंग लावलेली, पदर कमरेला खोचलेली, साठीची एक बाई तिथे उभी होती. दुकानदाराची थोरली बहीण. नवरा घड्याळजी होता. तो गेल्यावर माहेरी आली ती त्याची हत्यारे घेऊन. तो मुंबईचा कारागीर म्हणजे हीच.

"बाईच्या हाती सोन्याचं घड्याळ कोण देईन साहेब?" दुकानदार माझ्याकडे पाहून ओशाळवाणे हसला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी त्याला चांगले सुनावणार होते, पण भाऊजींनी मला बोलायला जागाच ठेवली नाही.

"मी देईन! मले इचारलं होतं काय? इतकी वर्षं ज्या बाईच्या हातात माझं घड्याळ हाय, तिले मी एकदा सांगू नाही शकलो की ते डाव्या कुशीवर घाबरते!"

"घाबरत नाही, अडते," अक्का फणकाऱ्याने म्हणाली. "तांदळाची कणी हाय त्यात. दर खेपेले काढतो मी, दर खेपेले नवी. आन् कुंकवाची भुकटी येगळीच. घड्याळ काय कोठीत ठेवता तुम्ही?"

"अक्षता हाय ते, बाई!"

"घड्याळाचं लगन लावता काय मग?"

भाऊजींनी मंडप, अंतरपाट, मागचे झाकण, सगळे सांगितले. अक्काने कपाळाला हात लावला आणि भावाकडे वळली. "दरसाल तुले म्हणतो, गिऱ्हाइकाले एवढं इचार. काऊन नाही इचारलं?"

"गिऱ्हाइकाले असं इचारत नसते अक्का. राग येते त्याईले."

त्यावर भाऊजी आणि अक्का दोघांनी मिळून त्याला जे झाडले ते मी इथे लिहीत नाही. एक साधा प्रश्न, आणि तो त्या कापडाच्या पडद्यातून इकडे येऊ शकला नव्हता! घड्याळ मात्र अक्काने आमच्यासमोर उघडले, साफ केले, चालते करून दिले आणि बजावले, "मागचं झाकण मंडपात उघडाचं नाही. आन् पुढचं, हात वर केला की लगेच मिटाचं. पोटाशी धराचं."

"मिटलेलं घड्याळ घेऊन मी तिथं उभा काऊन राहू?"

"ते मी काय सांगू? घड्याळाचं इचारलं, घड्याळाचं सांगतलं."

परत बुलढाण्याला उतरल्यावर भाऊजी म्हणाले, "वहिनी, पोरीच्या मुहूर्ताले दुसरं कोणी पाहा. घड्याळ देतो मी. माझं काय काम तिथं?" मी रागावले. हात वर करायला माणूसच लागतो, घड्याळ करत नाही, असे स्पष्ट सांगितले. ते दार लावून घेऊन बसले.

लग्नाच्या दिवशी आले ते इस्त्रीचा कोट घालूनच. अंतरपाटाच्या टोकाशी उभे राहिले. मंगलाष्टके संपत आली, त्यांचा हात वर गेला, आणि लगोलग झाकण खट्‌दिशी मिटले. दोन्ही हातांत घड्याळ पोटाशी धरून भाऊजी उभे. डोक्यावर, कोटावर अक्षता पडत होत्या. चाके पाहायला पोरे जमली, ती हिरमुसून गेली. भाऊजी हलले नाहीत.

पंगती उठल्यावर मी त्यांना पान द्यायला गेले, तर म्हणाले, "वहिनी, इतकी लग्नं लावली मी. अंतरपाट गेल्यावर पोरगी मान वर करून पाहते, तवा कशी दिसते, ते मले माहीतच नव्हतं हो. मी काटाच पाहत होतो."

पुढे मनगटी घड्याळे झाली, प्रत्येक वरबाप आपापल्या हाताकडे पाहू लागला, आणि भाऊजींना मुहूर्तासाठी बोलावणे येईना. तरीही शेवटपर्यंत ते लग्नांना जात. कडेला, नवरी नीट दिसेल अशी जागा धरून, मिटलेले घड्याळ मुठीत घेऊन उभे राहत. ती मान वर करी तेव्हा त्यांचा चेहरा मी पुष्कळदा पाहिला आहे. त्या घटकेला कोणी त्यांना किती वाजले असे विचारले असते, तर त्यांना सांगता आले नसते.