उंदराचा डावा कान

माझी थोरली सून उंदीर सांभाळते. लग्न ठरलं तेव्हा धाकट्या जावेने विचारलं, "मुलगी काय करते?" मी म्हटलं, "प्रयोगशाळेत आहे." उंदरांचं बोललेच नाही. पुढे वासाने कळलंच तिला.

मी चार बुकं शिकलेली, तेव्हा मला उमगलं तेवढं सांगते. आपल्या रक्तात मारक पेशी नावाचे राखणदार फिरतात. ते भेटेल त्या पेशीला चाचपतात. घरची खूण हाताला लागली तर पुढे जातात, नाही लागली तर तिचा तिथेच निकाल. उंदरातही हेच, माणसातही हेच. फक्त चाचपायचे हात निराळे, निराळ्या घराण्यातले.

"मग कुणी कुणाचं पाहून केलं?" मी विचारलं.

"कुणीच नाही, आई. पिढ्यान् पिढ्या रोग बदलत गेले, तसे हात बदलत गेले. दोघं आपापल्या वाटेने येऊन एकाच कामाला लागले."

"म्हणजे जावा-जावाच. माहेरं दोन, चूल एक."

"हो, पण यांच्यात भांडण नाही."

उंदरांतही सगळ्यांना सगळे हात नसतात. तिच्याकडे काळ्या उंदरांची दोन कुळं होती, दिसायला अगदी सारखी. एका कुळाला एका विषाणूला ओळखणारा खास हात होता, दुसऱ्याला नव्हता. ओळखू यावेत म्हणून हातवाल्यांच्या डाव्या कानाला खाच, बिनहाताच्यांच्या उजव्या. विषाणू टोचला की हातवाले तगतात, हे आधीच माहीत होतं. म्हातारपणीही तसंच होतं का, एवढंच हिला बघायचं होतं.

झालं उलटंच. हातवाले आडवे पडले, बिनहाताचे ठणठणीत. तिच्या वरिष्ठ बाई हरखल्या. नवा शोध लागला, मोठ्या सभेत सांगायचं ठरलं, आणि सुनेची कच्ची नोकरी त्यावर पक्की होणार होती.

त्याच आठवड्यात तिने प्रयोगशाळेतल्या सोबतिणीला पिल्लांच्या कानाला खाच पाडताना पाहिलं; म्हाताऱ्या उंदरांनाही लहानपणी तिनेच खाच पाडली होती. सोबतीण उंदराचं तोंड आपल्याकडे करून धरत होती आणि आपल्या डाव्या बाजूला येणारा कान कापत होती. सून उंदराला मानेमागून धरते. एकीचा डावा तो दुसरीचा उजवा. सुनेने म्हाताऱ्या उंदरांचं रक्त तपासलं. बिनहाताचे म्हणून ठेवलेल्यांतच हात निघाला.

घरी लेक म्हणाला, "नोकरी पक्की होऊ दे, मग सांग."

"मग मी सांगणार नाही, मला माहीत आहे," ती म्हणाली.

"खाच तर तिने पाडली ना?"

"डावा कान म्हणून मीच सांगितलं होतं. उंदराचं तोंड कुठे हवं, ते सांगितलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी तिने बाईंना सांगितलं. बाईंनी भाषणाचे कागद पुढ्यात ओढले.

"मग आता सभेत काय सांगू?"

"म्हातारे उंदीरही तरण्यांसारखेच निघाले."

"ते ऐकायला कोण बसेल?"

सभेतलं भाषण रद्द झालं. पक्की जागा नव्या शोधासाठी होती, तीही गेली. कच्ची नोकरी मात्र वर्षभर वाढली. नवी बाई आणली तर तिला डावं-उजवं पहिल्यापासून शिकवावं लागेल, असं वरिष्ठ बाई म्हणाल्या म्हणे. सून वेळेवर कामावर गेली, उंदरांना खायला घालायचं होतं.