आधी, नंतर आणि अध्यक्ष

‘‘पसरा रे नीट. फोटोत विहीर भरल्यागत दिसली पायजे,’’ अध्यक्ष म्हणाले आणि ट्रॉलीतली कचऱ्याची पहिली पाटी स्वच्छ पाण्यात रिकामी झाली. मी कॅमेरा घेऊन काठावर उभा होतो.

कसबा बावड्यातल्या एका तरुण मंडळाने मला विहीर-स्वच्छतेच्या फोटो स्टोरीची ऑर्डर दिली होती. फोटो स्टोरी म्हणजे चार-पाच फोटो ओळीने असे लावायचे, की खाली एक अक्षर न लिहिता बघणाऱ्याला गोष्ट कळावी. इथे गोष्ट सरळ होती. आधी घाण विहीर, मग राबणारी माणसं, मग स्वच्छ विहीर. दुसऱ्या दिवशी एक मोठे साहेब हे प्रदर्शन बघून मंडळाचा गौरव करणार होते.

अडचण एवढीच, की विहीर आधीच स्वच्छ होती. ती गल्लीतल्या बायकांनी केली होती. मंडळ त्या काळात बहुधा गौरवाच्या तयारीत असावं.

मी पोचल्या पोचल्या स्वच्छ विहिरीचा फोटो घेतला. ‘‘हा पुरे की, अध्यक्ष.’’

‘‘बिफोर पायजेच, पावणं. बिफोरशिवाय आफ्टरला काय किंमत हाय?’’

एवढ्या विचारी माणसापुढे मी काय बोलणार? त्यांनी कचरा टाकला, मी फोटो काढले.

तेवढ्यात समोरच्या घरातल्या आक्का धावत आल्या. गल्लीतल्या बायकांना त्यांनीच गोळा केलं होतं.

‘‘अर्ध्या तासात काढतोय आक्का परत,’’ अध्यक्ष म्हणाले.

‘‘ह्या इस्त्रीच्या कापडात? आठवडाभर चिखलात राबलोय आम्ही. आता म्हसरं काय तुमचा बिफोर पिणार हायत?’’

अध्यक्षांनी कार्यकर्त्यांना फोटोसाठी हाक मारली. सगळे रिकाम्या पाट्या घेऊन पायऱ्यांवर हसत उभे राहिले, तो फोटो झाला, आणि मंडळ मटणाच्या जेवणाला गेलं. कचरा विहिरीतच राहिला. आक्का पायरीवर बसून राहिल्या. माझं डोकं भयंकर तापलं होतं.

संध्याकाळी मी अध्यक्षांना फोटो दाखवले. त्यांनी एकच प्रश्न विचारला, ‘‘मी हाय न्हवं सगळ्यात?’’

‘‘दोन फोटोंत आहात. ठळक आहात.’’

‘‘मग लावा की.’’

कुठला आधी, कुठला नंतर, हे त्यांनी विचारलंच नाही. मग मी ते काढले त्याच क्रमाने, डावीकडून उजवीकडे लावले.

दुसऱ्या दिवशी शाल, श्रीफळ, फेटे सगळं यथासांग पार पडलं. मग साहेब फोटोंपाशी आले. पहिल्यात नितळ पाणी. दुसऱ्यात पाटी ओतणारे कार्यकर्ते आणि बोट दाखवणारे अध्यक्ष. तिसऱ्यात तुडुंब कचरा. चौथ्यात हसरं मंडळ.

‘‘म्हणजे विहीर स्वच्छ होती, ती तुम्ही भरली,’’ साहेब म्हणाले, ‘‘आणि वर हसताय?’’

‘‘न्हाय साहेब, फोटोवाल्या पावण्यांचा क्रम चुकलाय.’’

‘‘असं? मग विहीरच बघू. कुठं आहे?’’

‘‘चला की साहेब, हितंच हाय,’’ गर्दीतून आक्का म्हणाल्या.

दुपारी सगळं मंडळ फेट्यांसकट विहिरीत उतरलं होतं. काठावर साहेब खुर्चीत, शेजारी आक्का. ‘‘नीट काढा रे,’’ त्या सांगत होत्या, ‘‘फोटोत विहीर मोकळी दिसली पायजे.’’

पाचवा फोटो मी आपणहून जोडला. त्यातही अध्यक्ष ठळक आहेत. आपला चेहरा सापडल्यावर माणसाने एकदा डावीकडून उजवीकडेही बघून घ्यावं.