आधी गाव, मग ॲलर्जी

सर्जन हात धुऊन तयार होते आणि त्यांच्या एकाच प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पेशंटला कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का?

मी अलिबागजवळच्या एका छोट्या हॉस्पिटलात नर्सिंग इन्चार्ज आहे. पेशंट डेंग, पुण्यात शिकणारा दक्षिण सुदानचा तरुण. नागावला बनाना बोटवरून पडला. पोटात रक्तस्राव होत होता, शुद्ध अर्धवट. सोबत फक्त त्याची आत्या अबुक. तिला डिंका ही एकच भाषा येत होती.

कॉलेजात फोन लावून डेंगचा वर्गमित्र गरांग मिळवला. तोही डिंका, हिंदी चांगलं. फोन स्पीकरवर टाकला.

"एकच विचार. ॲलर्जी."

त्याने विचारलं. अबुकने तोंड फिरवलं.

"काय झालं?"

"सिस्टर, मी बोरचा, नाईलकाठचा. त्या पश्चिमेकडच्या, रेक बोलणाऱ्या. भाषा एकच, बोली वेगळी. मी त्यांच्याकडचा नाही हे त्यांना लगेच कळलं. आणि मी कुणाचा ते न सांगताच घरच्या मुलाचं दुखणं विचारलं. आमच्यात असं करत नाहीत."

"मग सांग ना कुणाचा ते!"

"सांगतो. मध्ये बोलू नका."

सुरू झालं. आजोबा, पणजोबा, मामाचं घराणं, गुरं. "आता बैलांच्या रंगावर आलोय," गरांग मध्येच म्हणाला.

आतून सर्जन ओरडले, "मॅडम, ॲलर्जी विचारताय की सोयरीक जमवताय?"

आमच्या मंदामावशी ट्रॉली ढकलत पुटपुटल्या, "माझी सासूपन आधी गाव इचारते, मंग पानी देते."

एवढ्यात अबुक हसली. खुर्ची फोनजवळ ओढली आणि भराभर बोलू लागली. गरांगचा आवाज बदलला.

"सिस्टर, पेनिसिलिन देऊ नका! लहानपणी दिलं तेव्हा चेहरा सुजला, श्वास अडकला होता. तिकडच्या दवाखान्याने ते नाव यांच्याकडून पाठ करून घेतलंय."

ऑपरेशनआधी द्यायचं अँटिबायोटिक ट्रेमध्ये भरून ठेवलं होतं. त्याच जातीचं. सिरिंज उचलून बाजूला टाकली, सर्जननी दुसरं सांगितलं, ते दिलं.

डेंग बरा होऊन पुण्याला गेला. न्यायला गरांगच आला होता. अबुकने त्याला बाकावर शेजारी बसवून घेतलं आणि गुरांचा विषय पुढे चालू केला.

आता फोनवर दुभाष्या आला की माझी पहिली सूचना ठरलेली असते, "आधी तू कुणाचा ते सांगून घे." सर्जन घड्याळ बघतात. बघू देत.