भिंतीवरचं उलटं अंगण

मागच्या महिन्यात मुलीनं मला एका प्रदर्शनात नेलं. कॅमेऱ्यापुढे हात हलवले की भिंतीवर माशांचा थवा पळायचा. “बाबा, हलवा ना!” ती म्हणाली. माझा हात वर होईना.

आमच्या राजूरच्या घराची पुढची भिंत कुडाची होती, काटक्यांवर शेणमाती लिंपलेली. एकाहत्तर साली मी सुप्याला मास्तर होतो, सुट्टीला घरी येई. कंबर मोडल्यापासून माझे वडील, दादा, त्या भिंतीमागच्या अंधाऱ्या खोलीत पडून असत. कुडाला बारीक भोक पडलं होतं. दुपारी ऊन तापलं की त्यातून समोरच्या चुन्याच्या भिंतीवर अंगण उलटं उमटे, रंगांसकट, हलतं.

माझी बायको सासऱ्यांसमोर मान खाली घालून वावरे, चकार शब्द बोलत नसे. पण अंगणात गेली की उनाड होई. डोक्यावर सूप घेऊन कोंबडीसारखी चाले, आणि आतून दादा ओरडत, “सूनबाई, पाय आभाळाला टेकलं की! सूप सांडंल!” पदर तोंडात कोंबून ती हसे. हा खेळ मी सुप्याला असताना चाले, दोघांनी मला कधी सांगितला नव्हता.

घट बसायच्या आधी ती माहेरी गेली. सारवण बायकांचं काम. पण आल्यावर तिला बरं वाटावं म्हणून मीच हौसेनं भिंत लिंपली. भोक अंगठ्यानं दाबून बुजवलं. दादांना मोतीबिंदू होताच. त्या दिवसापासून ते जेवेनात. विचारलं तर म्हणत, “काय न्हाई रं.”

ती परतली, अंगणात हात वर करून नाचली. आतून आवाज नाही. मग ती आत गेली आणि पहिल्यांदाच त्यांच्याशी बोलली, “मामंजी, मी दिसले न्हाई का?”

“आलीस व्हय? भिंतीवर काय बी दिसंना, डोळं गेलं गं माझं. पोराला नको सांगू.”

मी दारातच होतो. तिनं भिंत चाचपली, माझ्याकडे पाहिलं, आणि अंबाड्यातला आकडा काढून वाळलेली माती टोकरली.

“जा, तुमी उभं ऱ्हा अंगणात.”

मला कुठला खेळ येणार? शाळेतल्या कवायतीसारखे हात वर केले, खाली घेतले.

“मास्तर, तंगड्या वर करून कुठं निघालात?” आत दादा खदखदून हसले.

मी हात वर-खाली करतच राहिलो. एवढ्याशा चित्रात माझा चेहरा त्यांना दिसत नव्हता, हे बरं होतं.