खुणेच्या सुपाऱ्या

पहिलीच्या वर्गाला बेरीज शिकवायला मी एक खेळ करत असे. दोन करवंट्या आणि एक सूप. एकीत चार सुपाऱ्या, दुसरीत तीन. मुलाने दोन्ही सुपात ओतायच्या, मोजायच्या, आकडा सांगायचा. श्रीवर्धनकडच्या शाळेत सुपाऱ्यांना काय तोटा. मुलांना खेळ आवडायचा.

एक मुलगी मात्र रोज चुकायची. करवंटी ओतली की एक सुपारी उचलून गुडघ्याशी ठेवायची, दुसरी ओतली की आणखी एक. मग सुपातल्या मोजून म्हणायची, पाच. मुलं हसायची. मी दोन-तीनदा तिच्या गुडघ्याजवळच्या सुपाऱ्या परत सुपात टाकल्या. ती पुन्हा काढून ठेवायची, तेही अगदी शांतपणे. का ठेवतेस, हे मी विचारलं नाही. डोकं जरा कमी आहे, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

मग शिक्षण खात्याचे साहेब या खेळाचा व्हिडिओ घ्यायला येणार असा निरोप आला. आदल्या दिवशी मी तिच्या आईला सांगितलं, उद्या हिला घरीच ठेवा.

"पन बाई, ती आजारी न्हाय."

"असू दे. एका दिवसाने काय होतंय."

आई नारळाच्या वाडीत कामाला जाणारी. तिने मान खाली घातली आणि व्हय म्हणाली. घरी का ठेवायचं, ते तिला कळलं होतं. व्हिडिओ छान झाला, साहेबांनी तो सगळ्या शाळांना पाठवला.

त्यानंतरच्या रविवारी मी त्या वाडीत नारळ आणायला गेले. मुलीचे वडील व्यापाऱ्यासाठी नारळ मोजत होते. दोन्ही हातांनी उचलून टाकायचे, तोंडाने आकडा चालू. शंभर झाले की ते नुसती मान हलवत आणि शेजारी बसलेली ती मुलगी ढिगातला एक नारळ उचलून आपल्या गुडघ्याशी ठेवी. हे कशाला, मी विचारलं.

"खुणेचा नारळ, बाई. त्यो ढिगात धरायचा न्हाय. किती शेकडं झालं, ह्ये खुना मोजल्या की कळतं. तिचंच काम हाय ते, कधी चुकत न्हाय."

मुलगी माझ्याकडे बघत होती. तिथल्या तिथे तिला सांगता आलं असतं, तू चुकत नव्हतीस. मी नारळांची पिशवी उचलली आणि ऊन फार आहे असं काहीतरी बोलून निघाले.

सोमवारी सांगायचं असं ठरवलं. खेळ मांडला, तिची पाळी आली. तिने करवंट्या ओतल्या, हात मागे बांधले आणि नुसत्या नजरेने मोजून म्हणाली, सात. गुडघ्याशी काही ठेवलं नाही. घरी ठेवलं त्या एका दिवसावरून, वर्गात काय करायचं नसतं ते तिचं तिने ताडलं होतं. वर्गाने टाळ्या वाजवल्या. मी शाब्बास म्हणाले. सगळ्या वर्गासमोर 'बाईंची चूक झाली' हे शब्द तोंडाबाहेर येईनात. पुढे एकटीला गाठूनही आले नाहीत.

वर्षअखेरीला तिची आई भेटली. मुलगी आता वडिलांबरोबर नारळाला बसत नाही, नको म्हणते, असं सहज सांगून गेली. वर म्हणाली, "तुमी लय मेहनत घेतलीत हिच्यावर."

मी म्हटलं, "हुशार आहे हो ती." ते खरंच होतं. पण आभार तेवढे मी ठेवून घेतले.