मामांची मूठ

विजेवर माझ्या मामेसासऱ्यांइतका अविश्वास ठेवणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात सापडायचा नाही. तसं पाहिलं तर मराठवाड्यात विजेवर विश्वास ठेवतो कोण? पण आपल्याला ती येईल याची खात्री नसते, मामांना ती गेली हेच पटत नाही. पंखा थांबून अख्खं शहागंज गप्प झालं, तरी मामा आवाज खाली आणून सांगणार, "गेली नाय. दाराआड उभी हाय." हे ऐकलं की भर दुपारी माझी नजर दाराकडे जाते. आमच्याकडे जेवायला आले की हात धुवायच्या आधी मिक्सर, इस्त्री, टीव्ही, सगळ्यांचे प्लग काढून ठेवतात. एकदा फ्रिजचाही काढला होता, ते आम्हाला दुसऱ्या दिवशी दुधाने सांगितलं.

मामा सुतार. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं दुकान आणि दुकानात लाकूड कापायचं कटर. त्याचं पातं बदलायचं म्हणजे सत्यनारायण परवडला. फिरतं पातं आपोआप पूर्ण थांबेपर्यंत कुणी बोलायचं नाही. मग प्लग काढून, जो कुणी हजर असेल त्याच्या मुठीत द्यायचा. मग खटका दाबून बघायचा. त्या वेळी मामा मान तिरकी करून असं काही ऐकत राहतात, की प्लग माझ्याच हातात असूनही मला घाम फुटतो. त्यानंतर जाड हातमोजे, पाना, नट, दात कुठल्या दिशेला आहेत ते दोनदा बघणं. नवं पातं घट्ट बसेपर्यंत मूठ उघडायची नाही, नाक खाजलं तरी नाही.

मला हसू येतं, पण मी मूठ उघडत नाही. त्यांच्या थोरल्या भावाने लाइट गेलेली असताना असंच पातं बदलायला घेतलं होतं. लाइटच नाही म्हणून प्लग कुणी काढला नाही, खटकाही चालूच राहिला. मामा शेजारीच उभे होते. लाइट आली. भाऊ वाचला, हात वाचला नाही.

मामांची लेक आता वाळूजकडे नव्या फ्लॅटांत स्वयंपाकघरं बसवून देते. तिने बॅटरीवरचं कटर आणलं तेव्हा मामा त्याच्याभोवती फिरले, वाकून खालून बघितलं आणि त्यांचा चेहराच उतरला. वायर नाही, प्लग नाही.

"मग याचा जीव कुठं हाय?" त्यांनी हळूच विचारलं.

लेकीने बॅटरी काढून त्यांच्या हातात ठेवली. पातं बदलायच्या आधी हीच काढायची, म्हणाली.

"आन् तिथं साइटवर कोण धरतं?"

कुणीच नाही, हे ऐकून मामा दोन दिवस नीट जेवले नाहीत. तेव्हापासून पातं बदलण्याआधी तिचा फोन येतो, "आबा, काढली." "धरली," म्हणत मामा इकडे रिकामी मूठ मिटतात. काम झालं की तिचा दुसरा फोन, मग मूठ उघडते. तोवर घरात भांडं वाजवायचं नाही. मामींच्या कितीतरी फोडण्या यात जळाल्या आहेत.

मागच्या उन्हाळ्यात एकदा मी गेलो, तर दुसरा फोन आलाच नव्हता. लावला तर तिचा बंद. मामा खुर्चीत, मिटलेली मूठ मांडीवर. चहा निवला. भिंतीवरचं ऊन उतरलं. मामी सारख्या दाराकडे बघत होत्या. न राहवून मी म्हणालो, मामा, हात तरी मोकळा करा.

"त्या दिवशी बी माझा हात मोकळाच हुता," मामा म्हणाले.

मी निवलेला चहा आवाज न करता बाजूला ठेवला.

दिवेलागणीला लेक आली. फोनचं चार्जिंग संपलं होतं, एवढंच. मामांनी आधी तिचे दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले, मग स्वतःची मूठ उघडली आणि माझ्यापुढे धरली. "हात लावून बघा, जावई." मी लावला. तळवा पोळत होता. इतका वेळ मिटलेला हात, दुसरं काय असणार? पण मला शहारा आला. मामांनी माझी बोटं एकेक करून मिटवली. "आता कधीमधी तुम्ही धरत जा," म्हणाले.

मामा थकलेत. दुपारी त्यांचा डोळा लागतो, त्यांना उठवायचं लेकीच्या जिवावर येतं. मग माझा फोन वाजतो. मी ऑफिसात असतो. "धरली," म्हणतो आणि मूठ मिटतो. खरं सांगतो, भीती वाटते. समोरचा माणूस सहीसाठी पेन पुढे करतो, आणि मी त्याला थोडं थांबायला सांगतो.